थोरल्याने ‘पोर्तुगीज केलंय’, मग तो कुठला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा जाहीर केला. बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यात होते, गोवाही होता. बीएलओ, म्हणजे यादीचं काम पाहणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, फॉर्म घेऊन दारोदार फिरू लागले आणि सासष्टी, बार्देश, तिसवाडीतल्या पुष्कळ घरांत एक जुनं दुखणं पुन्हा वर आलं. थोरल्याचं नाव यादीत आहे. आधार आहे, पॅन आहे, रेशनकार्डावरही तो आहे. पण काही वर्षांपूर्वी त्याने ‘पोर्तुगीज केलंय’, म्हणजे लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगालचे कागद काढलेत. सध्या इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात कामाला असतो, नाताळला नाहीतर चवथीला घरी येतो. त्याचा फॉर्म भरायचा का?

घरात लगेच दोन तट पडतात. इथे जन्मला, इथे शिकला, घरपट्टी इथे भरतो, मग का नाही, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, नको ते लफडं. खात्री कुणालाच नसते, कारण एजंटाने लिस्बनला नाव नोंदवून दिलं, पैसे घेतले, पण त्या नोंदीने नेमकं काय झालं हे समजावण्याची तसदी घेतली नाही.

हे फक्त ख्रिस्ती घरांपुरतं आहे असं फोंडा-डिचोलीकडे अजून समजतात. तसं काही नाही. पोर्तुगालचा कायदा धर्म विचारत नाही. बाप किंवा आजोबा कुठे जन्मले आणि कधी जन्मले, एवढंच विचारतो. नाईक, परब, कामत अशा घरांतूनही लोकांनी ही नोंद केली आहे, फक्त त्याचा बोभाटा केलेला नाही.

आधी १९६१ कडे जाऊ

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्या दिवसापर्यंत गोव्यात जन्मलेला माणूस कायद्याने पोर्तुगीज होता, त्याला ते आवडो वा न आवडो. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांचं भाषण ऐकायला गेलेला सत्याग्रहीसुद्धा कागदावर पोर्तुगीजच होता.

जमीन भारतात आली तशी माणसं आपोआप भारतीय झाली, असं आपण धरून चालतो. कायद्यात इतकं सरळ नसतं. जमिनीसाठी बारावी घटनादुरुस्ती झाली. माणसांसाठी केंद्र सरकारने २८ मार्च १९६२ ला वेगळा आदेश काढला, गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश. त्याचा मथितार्थ असा: जो स्वतः, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही २० डिसेंबर १९६१ च्या आधी या प्रदेशात जन्मला, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला जाईल. अर्ज नको, शपथ नको.

एक पळवाट मात्र ठेवली होती. ज्याला आपलं आधीचं नागरिकत्व ठेवायचं आहे त्याने एक महिन्याच्या आत तसं लेखी कळवावं. बहुतेकांनी काहीच कळवलं नाही आणि ते भारतीय झाले.

ज्यांनी कळवलं, त्यांच्यातल्या एकाची गोष्ट सुप्रीम कोर्टाच्या निकालात नोंदली गेली आहे. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहणार असं लिहून दिलं आणि परदेशी नागरिक म्हणून परवाना घेऊन गोव्यातच राहिले. नोव्हेंबर १९६४ ला परवान्याची मुदत संपली. त्यांनी वाढवून मागितली नाही. खटला झाला, शिक्षा झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, तेव्हा जिनिव्हा करारानुसार मला इथून हलवता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. गोवा रीतसर भारतात विलीन झाल्यावर ‘व्याप्त’ अवस्था संपली, तुम्ही परदेशी राहायचं ठरवलंत, तर परदेशी माणसाचे नियम पाळा. आजच्या वादाशी ताडून पाहिलं तर फादरांचं प्रकरण स्वच्छ होतं. त्यांनी एक बाजू निवडली आणि ती उघडपणे सांगितली. आज गुंता आहे तो निवड केली आहे हे माहीतच नसलेल्यांचा.

पोर्तुगालने काय धरलं

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने गोवा गेल्याचं मान्यच केलं नाही. १९६१ नंतर बरीच वर्षं लिस्बनच्या हिशेबी गोवा त्यांचाच होता. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही उलथली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत दोन्ही देशांत तह झाला. भारताच्या बाजूने सही केली यशवंतराव चव्हाणांनी, ते तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. पोर्तुगालच्या बाजूने तिथले परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरिश यांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांच्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं.

जमिनीवरचा हक्क सोडला, पण त्या जमिनीवर मुक्तीपूर्वी जन्मलेल्या माणसांचं जन्मजात नागरिकत्व पोर्तुगालने काढून घेतलं नाही. तुम्ही जन्मलात तेव्हा ती जागा आमची होती, सबब तुम्ही आमचे, हा त्यांचा हिशेब.

पुढे ३ ऑक्टोबर १९८१ चा नागरिकत्व कायदा आला. त्यातलं एक कलम आपल्यासाठी महत्त्वाचं. पोर्तुगीज आईचं किंवा बापाचं परदेशात जन्मलेलं मूल पोर्तुगीज ठरतं, जर त्याचा जन्म पोर्तुगालच्या नागरी नोंदवहीत चढवला असेल, किंवा मला पोर्तुगीज व्हायचंय असं त्याने जाहीर केलं असेल. आणि असं नागरिकत्व लागू होतं ते नोंद केल्याच्या तारखेपासून नाही, जन्मापासून. पस्तिसाव्या वर्षी नोंद केली तरी पोर्तुगालच्या लेखी माणूस पहिल्या दिवसापासून त्यांचाच. शिवाय पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालतं. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट तुमच्याकडे असला तरी त्यांचं काही बिघडत नाही.

अशी ही साखळी. १९५३ साली म्हापशाला जन्मलेल्या बापाचा जन्म आधी लिस्बनला चढवायचा, मग त्याचं लग्न, मग १९८५ साली जन्मलेल्या मुलाचा जन्म. मधली एक कडी सुटली की पुढचं अडतं.

तो जुना कागद

साखळीची सुरुवात ज्या कागदापासून होते तो बघण्यासारखा असतो. गोव्यात नागरी जन्मनोंदणी १९१४ पासून आहे, त्याआधीचं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत शोधावं लागतं. संक्षिप्त दाखला चालत नाही, मूळ नोंदीची शब्दशः नक्कल लागते. तिला इथे सगळे ‘तेओर’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत हाताने लिहिलेला अख्खा मजकूर, तारखासुद्धा आकड्यांऐवजी अक्षरांत, कोण किती वाजता आलं, काय सांगितलं, साक्षीदार कोण, समासात नंतर कुणी केलेल्या नोंदी.

खरी मजा नावांची. कारकून ऐकू येईल तसं, पण पोर्तुगीज पद्धतीने लिहायचा. ‘श’साठी एक्स, त्यामुळे शंकर, शेट एक्सने सुरू होतात. ‘क’साठी कधी सी, कधी क्यू यू. नाईकच्या शेवटी क्यू यू ई लागतं. परबचा पोरोबो होतो, कामतचा कामोतीम. मुक्तीनंतर हीच माणसं शाळेत गेली तेव्हा मास्तरांनी इंग्रजी पद्धतीचं स्पेलिंग घातलं. मराठीत वाचलं तर नाव एकच, रोमी अक्षरांत दोन वेगळी माणसं. मग दोन्ही माणसं एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र करायचं, नाव दुरुस्तीची जाहिरात द्यायची, सब-रजिस्ट्रारकडे खेटे घालायचे. एजंटांचा धंदा बराचसा या एका क्यू यू ईवर चालतो.

कागद जुळले की लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंद होते. तिथून पोर्तुगीज जन्मदाखला येतो. त्यानंतर ओळखपत्र, ज्याला जुने लोक अजून ‘बीआय’ म्हणतात आणि हल्ली सिटिझन कार्ड म्हणतात. शेवटी पासपोर्ट. एकामागून एक या तीन पायऱ्या आहेत आणि पुढचा सगळा वाद तुम्ही यातल्या कुठल्या पायरीवर आहात यावर ठरतो.

आता कुणी म्हणेल, पोर्तुगालला जाऊन करायचं काय? बहुतेकांना पोर्तुगालला जायचंच नव्हतं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट, म्हणजे ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय काम. साउथहॉल, वेम्बली, स्विंडन ही नावं गोव्यात पाठ झाली ती त्यामुळे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला संघातून बाहेर पडलं, वर्षअखेरीस मुक्त ये-जा संपली. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहता आलं. नव्याने जाणाऱ्याला हा पासपोर्ट जर्मनी, आयर्लंड, फ्रान्सला चालतो, लंडनला नोकरी करायला नाही. एजंटांच्या पाट्यांवर मात्र हा बदल उशिरा उतरला.

दिल्लीला हीच नोंद कशी दिसते

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: जो भारतीय नागरिक नोंदणीने, देशीयकरणाने किंवा अन्य कुठल्याही मार्गाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवतो, त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. संपतं म्हणजे आपोआप. कुणी नोटीस पाठवायची, सुनावणी घ्यायची, मग रद्द करायचं, असं नाही. ज्या दिवशी ते मिळवलं त्या दिवशी हे गेलं.

गाठ बसते ती इथे. पोर्तुगाल म्हणतो, हा जन्मापासून आमचा, आम्ही फक्त लिहून ठेवलं. भारत म्हणतो, १९६१ पासून हा आमचा होता, आता स्वतःहून अर्ज करून याने दुसऱ्याचं नागरिकत्व घेतलं. कागद एकच, तारीखही एकच. एकाच्या मते त्या दिवशी नवीन काहीच घडलं नाही, दुसऱ्याच्या मते सगळं घडलं.

आपल्या देवळांत असंच एक त्रांगडं आहे, त्यावरून हे चटकन कळेल. गोव्यातल्या देवस्थानांना १९३३ ची नियमावली लागू आहे, पोर्तुगीज काळातलीच. माणूस महाजन, म्हणजे देवस्थानाचा वंशपरंपरागत सभासद, असतो तो जन्माने, अमुक घराण्यात जन्मला म्हणून. पण महाजनांच्या नोंदवहीत नाव चढवल्याशिवाय त्याला समितीच्या निवडणुकीत मत देता येत नाही. मग नाव चढवलं तेव्हा तो महाजन झाला, की होताच, फक्त वहीत आला? घरातली म्हातारी माणसं म्हणतील होताच. निवडणुकीत हरलेला उमेदवार म्हणेल, वहीत आला तेव्हाच झाला. पोर्तुगाल म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलतो, भारत हरलेल्या उमेदवाराच्या.

फरक इतकाच, की देवळात वाद मामलेदाराकडे जातो आणि तो एकाचं ऐकून मिटवतो. दोन देशांच्या मधे मामलेदार नाही.

“मी पासपोर्ट काढलाच नाही, नुसती नोंद केली”

गोव्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा बचाव हाच, आणि तो अगदीच पोकळ नाही.

पासपोर्ट काढला असेल तर विषय संपला. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की परदेशाचा पासपोर्ट मिळवणं हा तिथलं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा आहे. निर्णायक म्हणजे त्याविरुद्ध तुमची बाजू ऐकूनच घेतली जात नाही. मला ठाऊक नव्हतं, एजंटाने काढून दिला, वापरलाच नाही, काहीही चालत नाही. हा नियम जाचक आहे म्हणून सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं, पाकिस्तानी पासपोर्टच्या प्रकरणांत. १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात बहुमताने तो वैध ठरला.

पासपोर्ट नसेल, फक्त जन्माची नोंद असेल, तर असा हमखास पुरावा सरकारच्या हाती नसतो. मग कलम ९ चं दुसरं उपकलम लागू होतं: एखाद्याने परदेशी नागरिकत्व घेतलं का, केव्हा, कसं, असा प्रश्न उठला तर तो केंद्र सरकारने चौकशी करून ठरवायचा. गावातल्या विरोधकाने तक्रार केली म्हणून पंचायतीने किंवा बीएलओने ठरवायचा नाही. त्यामुळे नुसती नोंद असलेला माणूस निकाल लागेपर्यंत खरोखरच मधल्यामधे लोंबकळतो. कोकणीत म्हणतात तसं, ना हांगाचो, ना थंयचो, म्हणजे ना इथला, ना तिथला.

पण यावर विसंबू नये असं मला वाटतं. मुलाची नोंद करताना कायद्याचे शब्दच असे आहेत की तो पोर्तुगीज व्हायची इच्छा जाहीर करतो. त्यावर सही करून पुन्हा ‘स्वेच्छेने नाही’ म्हणणं कठीण. सिटिझन कार्डही घेतलं असेल तर आणखीनच कठीण. बापाच्या पिढीचा मुद्दा जास्त भक्कम आहे. १९५३ साली जन्मलेला माणूस खरोखर पोर्तुगीज म्हणूनच जन्मला होता, त्याची नोंद म्हणजे जुन्याच वस्तुस्थितीची नक्कल, असं म्हणायला जागा आहे. पण त्यालाही भारत विचारणार: १९६२ च्या आदेशाने तू भारतीय झालास, मुदतीत नको म्हटलं नाहीस, मग आता कशाला परत तिकडे गेलास?

“दोन्ही ठेवले तर कुणाला कळतंय?”

कळायचं नाही, अशी बरीच वर्षं होती. एका पासपोर्टवर जायचं, दुसऱ्यावर यायचं, असे प्रकार करणारेही होते. हल्ली विमानतळावर ते पकडलं जातं.

पासपोर्ट कायदा १९६७ मध्ये यासाठी वेगळं उपकलम आहे. भारतीय नागरिक नसलेल्याने राष्ट्रीयत्व लपवून भारतीय पासपोर्ट मागितला किंवा मिळवला तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दहा हजार ते पन्नास हजार रुपये दंड. लोक चुकतात ते नूतनीकरणाला. पोर्तुगालची नोंद २०१५ ला झाली, भारतीय पासपोर्टची मुदत २०१७ ला संपली, सवयीने नवा काढला. अर्जात भारतीय नागरिकत्व गमावलं नसल्याचं लिहून दिलेलं असतं. मनात फसवणूक नसली तरी कागदावर ती झालेली असते.

२०२२ ची गाठ आणि २०२४ ची सोडवणूक

कायद्यातला वाद प्रत्यक्ष घरात शिरला तो इथे, म्हणून जरा सावकाश.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्याने भारतीय पासपोर्ट जमा करायचा असतो. जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, त्याला सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात. ते दाखवलं की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारा कायमचा प्रवेश आणि वास्तव्याचा परवाना. गोव्यात वर्षानुवर्षं असंच चाललं होतं: पणजीला पासपोर्ट द्या, प्रमाणपत्र घ्या, ओसीआय करा, उडा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सूचना काढल्या. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर ते लपवून ज्यांनी भारतीय पासपोर्ट घेतला किंवा ठेवला, त्यांचा पासपोर्ट नुसता जमा करून घ्यायचा नाही, रद्द करायचा. जमा करणं आणि रद्द होणं यात माणसाला काय फरक पडतो? दोन्हीत पासपोर्ट जातोच की. फरक पडला तो पुढच्या खिडकीवर. ओसीआयच्या अर्जाला सरेंडर सर्टिफिकेट लागायचं आणि रद्द झालेल्याला ते मिळेना. ओसीआय नाही म्हणजे बाणावलीच्या स्वतःच्या घरात राहायला व्हिसा हवा. लिस्बनची नोंद जन्मापासूनची धरायची तर पासपोर्ट तेव्हापासूनच चुकीचा ठरत होता, म्हणजे प्रामाणिकपणे जमा करायला आलेलाही लपवणाऱ्यांच्या रांगेत. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. ज्याने स्वतःहून येऊन सांगितलं त्याची कोंडी झाली आणि गप्प बसलेल्याचं काही बिघडलं नाही.

गोव्यात बराच गदारोळ झाल्यावर २०२४ मध्ये केंद्राने तोडगा काढला. सरेंडर सर्टिफिकेट नसेल तर पासपोर्ट रद्द झाल्याचं प्रमाणपत्र ओसीआयसाठी धरायचं. मूळ वाद तसाच राहिला, अडलेल्यांना वाट मिळाली.

ओसीआयने काय मिळतं, काय नाही

या कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ आहे म्हणून फसायला होतं. नागरिकत्व त्यात नाही. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, पंच होता येत नाही, सरकारी नोकरी नाही. घर किंवा दुकान विकत घेता येतं. शेतजमीन, बागायत, फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. म्हणजे वडिलांचं सावईवेरेचं कुळागर (पोफळी-नारळाची बाग) तुमच्याकडे राहू शकतं, पण शेजारचं विकायला निघालं तर ते तुम्हाला घेता येणार नाही. आणि आपलं विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावं लागतं. भाटं-कुळागरं विकत घेऊन विस्तारण्याची स्वप्नं असतील तर हा हिशेब नोंदणीच्या आधी करायचा असतो.

गंमत म्हणजे ओसीआयच्या कायद्यात पात्रतेचं एक कलम जणू गोव्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: १५ ऑगस्ट १९४७ नंतर जो प्रदेश भारतात आला, त्या प्रदेशातला माणूस. या कार्डाचे सर्वांत ठळक धारक म्हणजे आंतोनियु कोस्ता. त्यांचे वडील मडगावच्या घराण्यातले. जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूच्या प्रवासी भारतीय संमेलनात पंतप्रधान मोदींनी त्यांना ओसीआय कार्ड दिलं, तेव्हा ते पोर्तुगालचे पंतप्रधान होते.

उलट्या दिशेचं उदाहरण आपल्या घरात आहे. लग्न आणि कुटुंबाच्या बाबतीत गोव्यात पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता अजून चालते, पोर्तुगालने ती १९६६ मध्ये बदलली तरीही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की तो आता भारतीय कायदाच आहे. कायद्याला जे जमलं ते माणसाला जमत नाही.

मुलांचं काय?

नोंदणी करताना फारसं कुणी विचारत नाही, पण पुढे हेच महागात पडतं. भारतात जन्मलं की भारतीय, असा नियम आता नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मणारं मूल जन्माने भारतीय ठरतं ते आई-बाप दोघेही भारतीय असतील तर, किंवा एक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तर. म्हणजे नवरा-बायको दोघांनीही पोर्तुगीज केलं आणि त्यानंतर मूल मडगावच्या इस्पितळात जन्मलं, गोव्याचा जन्मदाखला घेतला, इथल्या शाळेत गेलं, तरी ते जन्माने भारतीय नाही. दोघांपैकी एकाने भारतीय नागरिकत्व ठेवलं तर अडचण येत नाही. काही जोडपी तसं ठरवून करतात, आणि ते शहाणपणाचं आहे.

मग त्या फॉर्मचं काय करायचं?

थोरल्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला असेल तर भरायचा नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम १६ सांगतं की भारताचा नागरिक नसलेल्याचं नाव यादीत राहू शकत नाही, आणि कलम ३१ प्रमाणे खोटं निवेदन केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आधार आणि पॅन हे नागरिकत्वाचे पुरावे नाहीत, ते असले म्हणून काही सिद्ध होत नाही. नाव कमी करायचा अर्ज स्वतःहून देणं बरं. नुसती नोंद असेल, पासपोर्ट नसेल, तर सही करण्याआधी नागरिकत्वाची प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाला विचारा. जन्मनोंदी काढून देणाऱ्या एजंटाला नको, त्याचं काम वेगळं.

“आणि उद्या परत भारतीय व्हायचं असेल तर?”

होता येतं, हे पुष्कळांना माहीत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये दोन वाटा आहेत. जो स्वतः किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी कुणीही पूर्वी स्वतंत्र भारताचं नागरिक होतं, त्याने अर्जाआधी सलग बारा महिने भारतात राहिलेलं असावं. किंवा पाच वर्षं ओसीआय असावं आणि त्यातही शेवटचे बारा महिने इथे काढलेले असावेत. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि पोर्तुगीज नागरिकत्व सोडावं लागतं. ते सोडायची प्रक्रिया परत लिस्बनलाच, त्याच नोंदणी कार्यालयात, आणि कागदांवरची नावं या वेळीही जुळावी लागतात.